नवरदेव ठेवून घ्या, वऱ्हाड परत पाठवा

पत्र :

स. न. वि. वि.

मी सांगलीत घरीच डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, पतसंस्थांचे अहवाल, कधी एखादा छोटा दिवाळी अंक. कोरलड्रॉ आणि श्रीलिपीवर वीस वर्षं गेली. धाकट्याला पुण्यात आयटीत नोकरी लागली आणि पहिल्या पगारातून त्यानं मला नवा वायरलेस माऊस आणला. "आई, तुझं मनगट दुखतं ना, हा हातात नीट बसतो." खरंच नीट बसतो. पण त्याचं ते इवलंसं डोंगल, म्हणजे माऊसचा निरोप झेलणारा यूएसबीचा तुकडा, कॉम्प्युटरला लावल्या लावल्या स्क्रीनवर खिडकी आली, सॉफ्टवेअर टाका म्हणाली, मी 'हो' दाबलं आणि तिथून फरफट सुरू झाली. आता कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत चहा उकळून गाळून होतो. ते सॉफ्टवेअर ईमेल मागतं, पासवर्ड मागतं, दर आठ-दहा दिवसांनी अपडेट मागतं. मागच्या अपडेटनंतर मुलानं बसवून दिलेली बटणं सगळी पुसली गेली. बाण कधी सुसाट पळतो, कधी अडखळतो. गिऱ्हाइकाच्या हार्डडिस्कवरून फोटो घेताना तर लंगडतोच. गेल्या महिन्यात एका पत्रिकेत 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' ही ओळ सरकून मुहूर्ताच्या वेळेवर जाऊन बसली. तीनशे प्रती छापून झाल्यावर कळलं. पैसे मी भरले.

दुकानदार म्हणतो, ड्रायव्हर जुना आहे, अपडेट मारा. त्यानं दिलेल्या प्रोग्रॅमनं ३७ ड्रायव्हर जुने असल्याचं लाल अक्षरांत दाखवलं आणि पैसे मागितले. जुना वायरचा माऊस ड्रॉवरमध्ये पडून आहे. मुलगा दर रविवारी फोनवर विचारतो, "माऊस कसा चाललाय?" मी सांगते, "मस्त." काय करू?

– वैतागलेली डीटीपीवाली

उत्तर :

ताई, नमस्कार.

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. माऊस ठेवा. त्याच्याबरोबर आलेलं सॉफ्टवेअर काढून टाका. डोंगल आहे त्या जागेवरून हलवा. तो ३७ ड्रायव्हरवाला प्रोग्रॅम मात्र आत्ताच, हे पुढचं वाचायच्या आधी, उडवा. मी थांबतो.

उडवला? बरं.

तुम्ही लग्नपत्रिका करता म्हणून त्याच भाषेत सांगतो. तुमच्याकडे नवरदेव आला, चांगला आहे, हाताला बसतो. पण त्याच्याबरोबर जे वऱ्हाड उतरलं, ते जायचं नाव घेईना. मांडव उतरला तरी ते ओसरीवर पथारी टाकून बसलंय, रोज नवं काहीतरी मागतंय, आणि तुम्ही ते सगळं नवरदेवाच्या खात्यावर मांडताय. दोघांना वेगळं करा, म्हणजे निम्मा वैताग इथेच मिटेल.

दुकानदाराच्या तोंडी तो 'ड्रायव्हर' शब्द, म्हणजे उपकरणाची भाषा कॉम्प्युटरला समजावणारा छोटा प्रोग्रॅम, आला तो जुन्या काळातून. नव्वदच्या दशकात माऊसच्या खोक्यात फ्लॉपी यायची, आणि ती फ्लॉपी हरवली की माऊस म्हणजे शेपटीवाला साबण. विंडोजच्या आधीच्या डॉसमध्ये कॉम्प्युटर सुरू होताना माऊसचा ड्रायव्हर स्मरणात चढवावा लागायचा, तो चढला नाही तर बाण दिसायचाच नाही. त्या काळात ड्रायव्हरवाचून अडायचं ते खरोखर. (पोटातला रबरी गोळा काढून रोलरवरचा मळ नखानं खरवडायचा, हा तेव्हाचा दुसरा नित्यक्रम. तुमच्या ड्रॉवरमधला तसला नसावा, पण तुम्हीही हे केलं असणार.)

यूएसबी आल्यावर ही भानगड संपली. माऊस, कीबोर्ड असल्या हातानं चालवायच्या वस्तूंसाठी सगळ्या कंपन्यांनी मिळून एकच बोली ठरवली. माऊस लावला की तो स्वतःच सांगतो, 'मी माऊस आहे, मला इतकी बटणं आहेत, एक चाक आहे.' विंडोज त्याच्यासमोर आपला घरचा ड्रायव्हर उभा करतं. त्यानंतर माऊस फक्त एवढंच कळवत राहतो की कुठलं बटण दाबलंय, डावी-उजवीकडे किती सरकलो, वर-खाली किती, चाक किती फिरलं. साधा माऊस हे सेकंदाला साधारण १२५ वेळा कळवतो. संभाषण मोजक्या बाइटांचं असतं. यात तुमचा ईमेल कुठे येतो?

पटत नसेल तर एक गंमत करून बघा. मोबाइलला पेनड्राइव्ह लावायची ती छोटी ओटीजी पिन असते ना, तिच्यात हे डोंगल खोचा आणि अँड्रॉइड फोनला लावा. फोनच्या पडद्यावर बाण उगवेल. चाक फिरवलं तर व्हॉट्सॲप वर-खाली सरकेल. तिथे ना कुणी काही इन्स्टॉल केलंय, ना कुठला अपडेट मारलाय. म्हणजे माऊस चालायला त्या सॉफ्टवेअरची गरज नाही, हे तुमच्या स्वतःच्या फोननं तुम्हाला सांगितलं.

मग ते सॉफ्टवेअर आहे तरी काय? कंपनी त्याला काहीही म्हणो, तो मुख्यतः एक कारभारी आहे. अंगठ्याच्या बटणाला 'कॉपी' लावायचं, मधल्या बटणाला 'पेस्ट', कोरलड्रॉमध्ये एक वागणूक तर ब्राउझरमध्ये दुसरी, बाणाचा वेग अमुक, दिव्याचा रंग तमुक, हे सगळं तो बघतो. त्यासाठी तो दिवसभर मागे जागा असतो, तुम्ही कुठल्या प्रोग्रॅममध्ये आहात ते बघत असतो आणि माऊसकडून आलेला निरोप मध्येच अडवून बदलून पुढे पाठवतो. ज्याला नऊ बटणांवर नऊ कामं लावायची आहेत त्याच्यासाठी तो कामाचा आहे, मी त्याला सरसकट नावं ठेवणार नाही. पण तुम्ही मला सांगा, तुम्हाला किती बटणं लागतात? माऊसची कल्पना ज्यांची, त्या डग्लस एंगलबार्ट यांच्या प्रयोगशाळेत १९६४ मध्ये जो पहिला माऊस घडवला तो लाकडी डबीचा होता, खाली दोन चाकं आणि वर बटण एकच.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी अडलो. अपडेटनंतर बटणं पुसली गेली. याचा अर्थ असा की मुलानं लावलेल्या सेटिंग्ज माऊसमध्ये नव्हत्याच, त्या कारभाऱ्याच्या वहीत होत्या. अपडेटनं वही बदलली, नोंदी गेल्या. काही माऊसना स्वतःची थोडी स्मरणशक्ती असते. सॉफ्टवेअरमध्ये 'ऑनबोर्ड मेमरी' किंवा 'ऑनबोर्ड प्रोफाइल' असं काही दिसतं का ते काढून टाकण्याआधी एकदा बघा. दिसलं तर तुमचा वेग आणि बटणं त्यात साठवा, मग सॉफ्टवेअर काढा. माऊस ते लक्षात ठेवेल, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावलात तरी. नाही दिसलं तर सोडून द्या. अंगठ्याजवळची जी दोन बटणं असतात ती बहुतेक माऊसवर काही न टाकताही 'मागे' आणि 'पुढे' म्हणून चालतातच, आणि पत्रिका करताना याहून जास्त लागत नाही.

काढायचं कसं, तर सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स, तिथे कंपनीच्या नावाचं जे काही असेल ते अनइन्स्टॉल. कधी एकाऐवजी दोन-तीन असतात, एक मुख्य, एक 'अपडेटर', एक भलतंच काही. सगळी. मग कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करा आणि चहा ठेवायच्या आत तो सुरू झाला का बघा. नसेल झाला तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, 'स्टार्टअप'मध्ये जा आणि रोज सकाळी आपोआप उठणारी मंडळी किती आहेत ते मोजा. तिथे माऊसवाल्यांशिवाय प्रिंटरवाले, टोरंटवाले, फुकट पीडीएफवाले असे बरेच जण सापडतील. ज्यांची रोज गरज नाही त्यांना 'डिसेबल' करा. त्यानं प्रोग्रॅम उडत नाही, फक्त आपोआप सुरू होत नाही.

एक खबरदारी. डोंगल काढून पुन्हा लावलं की ती खिडकी परत येऊ शकते, कारण उपकरण ओळखल्यावर कंपनीचं ॲप आपणहून उतरवून घ्यायची सोय विंडोजमध्येच आहे. स्टार्टमध्ये 'चेंज डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज' असं शोधा, एक छोटी चौकट येईल, तिथे 'नो' निवडून जतन करा. ही आपोआपची सोय किती महागात पडू शकते याचा एक किस्सा आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये एका संशोधकानं दाखवून दिलं की एका नावाजलेल्या गेमिंग ब्रँडचा माऊस विंडोज १० च्या कॉम्प्युटरला नुसता लावला की त्याचं इन्स्टॉलर आपणहून उतरतं आणि पूर्ण अधिकारानं चालतं. कुठल्या फोल्डरमध्ये टाकू, असं विचारणाऱ्या त्याच्या खिडकीतून साधा वापरकर्ताही त्या कॉम्प्युटरचा मालक होऊन बसायचा. कंपनीनं दुरुस्तीचं काम लगेच हाती घेतलं. पण माऊस लावला आणि कॉम्प्युटरच्या किल्ल्या गेल्या, ही गोष्ट मी विसरलेलो नाही.

आता त्या ३७ जुन्या ड्रायव्हरांकडे. डिव्हाइस मॅनेजर उघडा, 'माइस अँड अदर पॉइंटिंग डिव्हायसेस'मध्ये तुमच्या माऊसवर दोनदा क्लिक करा आणि 'ड्रायव्हर' हा टॅब बघा. विंडोजचाच ड्रायव्हर असेल तर तारीख दिसेल २१ जून २००६. बघून छातीत धस्स होईल. दुकानदारही म्हणेल, बघा, ही तर पोरगं शाळेत असतानाची तारीख. पण ती तारीख मायक्रोसॉफ्टनं मुद्दाम तशी ठेवलेली आहे. विंडोजमधले घरचे ड्रायव्हर आतून कितीही नवे झाले तरी त्यांच्या कपाळावर तीच तारीख असते. कारण असं, की एकाच उपकरणाला दोन सारखेच लागू ड्रायव्हर सापडले तर विंडोज नव्या तारखेचा उचलतं. घरच्या ड्रायव्हरवर आजची तारीख टाकली तर कंपनीनं खास बनवलेला ड्रायव्हर मागे पडेल. म्हणून घरचा स्वतःहून वडीलकीची जागा घेतो आणि पाहुण्याला पुढे करतो. तारखेकडे बघून 'जुना, जुना' ओरडणाऱ्या प्रोग्रॅमला हा शिष्टाचार समजत नाही, किंवा समजूनही पैशासाठी ओरडायचं असतं. दुकानदार लबाड असेल असं नाही, त्यालाही कुणीतरी तसंच शिकवलेलं असतं. खरोखर ड्रायव्हर हवा असेल तर विंडोज अपडेट किंवा उपकरणाच्या कंपनीची स्वतःची साइट, तिसरीकडे जायचं नाही.

आता लंगडणं. हे मला सगळ्यात रोचक वाटलं, कारण इथे सॉफ्टवेअर निर्दोष आहे. तुम्ही लिहिलंय, हार्डडिस्कवरून फोटो घेताना बाण लंगडतो. माझी पैज आहे की डोंगल कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला, निळ्या जिभेच्या पोर्टमध्ये किंवा त्याला खेटून लावलंय, आणि हार्डडिस्क त्याच्याच शेजारी. तो निळा पोर्ट म्हणजे यूएसबी ३. त्यातून माहिती जोरात वाहू लागली की त्या केबलमधून आणि पोर्टातून रेडिओ लहरींचा एक गोंगाट बाहेर पडतो, आणि तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरही पसरतो. तुमचा वायरलेस माऊस त्याच पट्ट्यावर बोलतो. इंटेलनं २०१२ मध्येच यावर एक टिपण काढून हे मोजून दाखवलं होतं. म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये स्पीकरच्या भिंतीला टेकून कुणी कानात कुजबुजावं, तशी त्या डोंगलची अवस्था. डिस्क जोडलेली नसताना माऊस शहाण्यासारखा वागतो आणि फोटो घेताना बिथरतो, हे त्याचं लक्षणच. हे ओळखता न आल्यानं लोक ड्रायव्हर बदलत बसतात, माऊस परत करतात, सेल बदलतात.

उपाय गमतीदार वाटेल इतका सोपा आहे. डोंगल पुढच्या बाजूच्या काळ्या पोर्टमध्ये लावा. पुढे पोर्ट नसेल तर यूएसबीची एक हातभर एक्स्टेन्शन वायर घ्या, शे-दीडशे रुपयांत मिळते. एक टोक मागे खोचा, दुसऱ्या टोकाला डोंगल लावून ते टेबलावर कीबोर्डजवळ आणून ठेवा. डिस्क आणि डोंगल यांच्यात हातभर अंतर पडलं की बहुतेक वेळा लंगडणं जागच्या जागी थांबतं. कॉम्प्युटरचा डबा टेबलाखाली लोखंडी स्टँडवर असेल तर हे जास्तच करा.

काही क्षण हात न लावल्यावर बाण उशिरा जागा होत असेल, तर मात्र कारण वेगळं. तो वीज वाचवण्यासाठी झोपतो. डिव्हाइस मॅनेजरमध्येच 'पॉवर मॅनेजमेंट' टॅब असतो, तिथे वीज वाचवायला हे उपकरण बंद करू द्यावं का, अशा अर्थाची खूण असते, ती काढा.

सुसाट पळण्याचं गणित मांडून दाखवतो. खोक्यावर मोठ्या अक्षरांत काहीतरी हजार डीपीआय लिहिलेलं असेल. डीपीआय म्हणजे माऊस एक इंच सरकला की तो किती टप्पे मोजतो तो आकडा. समजा ४००० वर ठेवलाय. तुमचा मॉनिटर १३६६ ठिपके रुंद असेल तर विंडोजच्या मधल्या वेगावर बाण या टोकापासून त्या टोकाला जायला हात फक्त तिसरा हिस्सा इंच हलायला हवा, म्हणजे नऊ मिलिमीटरही नाही. करंगळीच्या नखाएवढ्या अंतरात अख्खी पत्रिका पार. बटण दाबताना बोटाच्या दाबानं माऊस जो केसभर हलतो तोसुद्धा मग पडद्यावर चार-पाच ठिपके होतो. कोरलड्रॉमध्ये दाबून केसभर हललं की वस्तू उचलून सरकते, हे मी तुम्हाला काय सांगणार. मामाची ओळ मुहूर्तावर कशी गेली ते आता दिसतंय ना? ८०० ते १२०० च्या दरम्यान आणा. पुष्कळ माऊसवर चाकामागे एक छोटं बटण असतं, ते दाबत गेलं की वेगाची पायरी बदलते, त्याला सॉफ्टवेअर लागत नाही. दोन-तीनदा दाबून बघा, कुठली पायरी हाताला मानवते ते कळेल.

त्याच्या जोडीला विंडोजच्या माऊस सेटिंग्जमध्ये 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' नावाची एक खूण असते. नाव असं की वाटावं, ही हवीच. प्रत्यक्षात ती हाताच्या झटक्यानुसार बाणाचा वेग बदलते, हात जोरात हलवला की तेवढ्याच अंतरात बाण लांब जातो, हळू हलवला की कमी. चिठ्ठ्या-चपाट्या टाइप करणाऱ्याला फरक पडत नाही. पण ओळीखाली ओळ बसवणाऱ्या माणसाला हाताचं माप आणि पडद्याचं माप एकास एक लागतं. खूण काढून टाका. पहिले दोन दिवस चिडाल, माऊस जड झाल्यासारखा वाटेल. तिसऱ्या दिवशी मला शिव्या द्यायच्या थांबाल.

आणि टेबलावर काच आहे का? तुम्ही लिहिलं नाहीत, पण डीटीपीवाल्यांच्या टेबलावर काच असतेच, खाली स्वामी समर्थ, गजानन महाराज, कागदाच्या मापांचा तक्ता आणि पाच-सहा व्हिजिटिंग कार्डं. ऑप्टिकल माऊस खालच्या पृष्ठभागाचे भराभर फोटो काढून आपण किती सरकलो ते ओळखतो. नितळ काचेवर त्याला धरायला काही मिळत नाही, मग तो उड्या मारतो. वर साधा माऊसपॅड टाका. तो नसेल तर मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचा पुठ्ठा, गुळगुळीत नसलेल्या बाजूनं. मी स्वतः बरीच वर्षं एका निवडणुकीतल्या उमेदवाराच्या जाहीरनाम्याचा पुठ्ठा वापरला. आश्वासनांपेक्षा टिकाऊ निघाला.

एवढं करूनही तीनशे पत्रिकांचा सगळा दोष माऊसच्या माथी मारू देणार नाही, ताई. ओळ सरकली ती माऊसनं, पण छापायला गेली ती तुमच्या नजरेखालून. वीस वर्षांच्या हाताला मी काय शिकवणार, तरी दोन गोष्टी सांगतो. मजकूर पक्का झाला की मुहूर्त, वार, पत्ता हे तुकडे निवडून उजव्या बटणावरच्या यादीतून 'लॉक' करून टाका. मग माऊस लाख हलला तरी ते जागचे हलत नाहीत. आणि छपाईला द्यायच्या आधी शेवटचा प्रिंट गिऱ्हाइकाच्या हातात द्या, त्यावर त्याची सही आणि तारीख घ्या. पाहुणे-रावळे, ओळखीचे, 'तुमच्यावर विश्वास आहे हो' म्हणणारे, सगळ्यांची. विशेषतः शेवटच्यांची. सही असती तर निदान निम्मा खर्च त्यांच्याकडे गेला असता.

बटणांना खरोखर काही कामं लावावीशी वाटली, म्हणजे अंगठ्यानं 'कॉपी' आणि 'पेस्ट' झालं तर मनगटाला बरं वगैरे, तर एक्स-माऊस बटन कंट्रोल नावाचा एक छोटा फुकट प्रोग्रॅम आहे. दिसायला जुनाट, पण ईमेल मागत नाही. तो त्याच्या निर्मात्याच्या साइटवरूनच घ्या. पण आधी पंधरा दिवस काहीच न टाकता काम करा. माझा अंदाज आहे, तो लागणार नाही.

मनगटाबद्दल थोडं. मुलानं हा माऊस मनगटासाठी आणला आणि तो हातात नीट बसतो असं तुम्हीच लिहिलंय. तो आकारच तुम्हाला हवा होता, आणि आकाराला अपडेट लागत नाही. कोपर टेबलावर टेकेल इतकं पुढे बसा, म्हणजे सगळा भार मनगटावर येणार नाही. बारीक सरकवायला माऊसऐवजी बाणाच्या कीज वापरा, तुम्हाला सवय असेलच. सकाळी उठताना बोटांना मुंग्या येत असतील तर मात्र माऊसवाल्याला विचारत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

ड्रॉवरमधला जुनाही टाकू नका. दोन्ही माऊस एकाच वेळी लावता येतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. दोन्ही एकच बाण हलवतात, भांडत नाहीत. जुना डाव्या हाताला ठेवून त्याच्या चाकानं पान वर-खाली करायचं आणि उजव्यानं काम, अशी माणसं मी पाहिली आहेत. शिवाय नव्याचा सेल ऐन घाईत, गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना संपतोच.

राहता राहिला रविवारचा फोन. तुम्हाला वाटतंय, त्याच्या पहिल्या पगाराच्या वस्तूला नाव ठेवलं तर त्याला लागेल. पण नाव तुम्ही वस्तूला ठेवतच नाही आहात. त्याला सांगा, "माऊस फार छान आहे रे, हाताचं दुखणं कमी झालंय. ते सॉफ्टवेअर मात्र मी काढून टाकलं." मला वाटतं, तो हसेल. आयटीत काम करणाऱ्या पोरानं स्वतःच्या लॅपटॉपवर ते ठेवलं असेल अशी शक्यता मला कमीच वाटते. तुमच्यासाठी ठेवलं असेल, कारण आईला सगळं पूर्ण मिळावं. काढायला त्याची मदत घ्या, फोनवर तो तिकडून सांगेल आणि तुम्ही इकडे दाबाल. तुम्ही एकटीनं हे सगळं निस्तरलं असं ऐकलं तर उलट जास्त लागेल त्याला. आणि तीनशे पत्रिकांचंही सांगून टाका, इतके आठवडे 'मस्त' म्हणून दडपलंय ते.

माझ्याही टेबलावर एकदा अशी वरात उतरली होती. कंपनीचं नाव घेत नाही. एका सकाळी सॉफ्टवेअर सुरूच होईना, 'कनेक्ट होत आहे' असं चाक फिरत राहिलं, आणि मी दीड तास इंटरनेट, राउटर, पासवर्ड तपासत बसलो. बायको चहाचा कप ठेवायला आली, पाहिलं आणि म्हणाली, "माऊसला इंटरनेट कशाला लागतं?" त्या दिवशी मी ते काढलं. माऊस अजून चालतोय.

आपला,
सल्लागार

ता. क. : ते डोंगल जपा. माऊसच्या पोटात, सेलच्या झाकणाआड, त्याला ठेवायची खाच असते. प्रवासात तिथेच ठेवा. हरवलं तर दुसऱ्या माऊसचं डोंगल लावून भागत नाही, दोघांची जोडी कारखान्यातच जमवलेली असते. कंपनीकडून सुटं डोंगल मिळालंच तर नवी जोडी जमवायला, काय करणार, बहुधा त्याच वऱ्हाडातल्या कुणालातरी एका दिवसासाठी पुन्हा बोलवावं लागेल.